तलावात तपासलेला कॅमेरा

मालवणला जाऊन मी पाण्याखाली श्वास घ्यायला शिकले, तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. सिंदेवाहीला बँकेत नोकरी, घरी मी आणि आई, आणि समुद्र राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. सुटी टाकून, गाड्या बदलत तिथं पोचले, पाठीवर हवेचं नळकांडं बांधून बुडले आणि स्कूबाचा परवाना घेऊन परत आले. बँकेत काही दिवस लोकांची समजूत होती की मी मोटार शिकून आले आहे.

आईला मी सगळं वर्णन करून सांगितलं. प्रवाळ, त्याच्या फटींत शिरणारे पिवळे मासे, डोक्यावरून सरकत गेलेलं कासव. तिनं तांदूळ निवडता निवडता ऐकलं आणि फोटो मागितला. माझ्याजवळ एकच होता, शिकवणाऱ्या सरांनी काढलेला. मुखवट्याआड डोळे वटारलेली मी आणि मागं नुसतं हिरवं पाणी.

"यात तं तूच आहे," आई म्हणाली. "तू तं मले रोजच दिसते."

तेव्हाच ठरवलं की पुढच्या खेपेला आपला कॅमेरा हवा.

रोज संध्याकाळी मी मोबाइलवर कॅमेऱ्यांबद्दल वाचायला लागले, आणि जितकं वाचलं तितका गोंधळ वाढला. कुणी म्हणे भिंग मोठं हवं, कुणी म्हणे दिव्यांशिवाय काही खरं नाही, कारण खोल पाण्यात लाल रंग आधी नाहीसा होतो. शेवटी सरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे सांगितलं की नवशिक्यानं आधी पाण्यात वरही नाही, खालीही नाही, असं अधांतरी स्थिर राहायला शिकावं. तोवर एका हातानं चालेल असा छोटा कॅमेरा पुरे. मला ते पटलं. तरी मन अडकलं होतं मोठ्या कॅमेऱ्यात, कारण त्यानं काढलेल्या माशांचा एकेक खवला दिसत होता.

चंद्रपूरला एक जुना फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या चाचांनी माझा शाळेच्या ओळखपत्राचा फोटो काढला होता. त्यांच्या वडिलांनी माझ्या आईवडिलांच्या लग्नाचे. पाण्यातला कॅमेरा त्यांनी कधी विकला नव्हता, त्यामुळे माझी मागणी ऐकून ते खूश झाले. नागपूरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून त्यांनी दोन कॅमेरे पाहायला मागवले. एक मुठीत मावणारा, तसाच पाण्यात नेता येणारा. दुसरा मोठा, त्याच्यावर चढवायची जाड पारदर्शक पेटी वेगळी.

काउंटरवर ठेवलेले ते दोन्ही मी उलटसुलट करून पाहत राहिले. चाचा म्हणाले, "बेटा, इथी पंख्याखाली काय समजणार? पाण्यात नेऊन पाहू."

रविवारी दुकान बंद ठेवून ते सिंदेवाहीला आले. आईचं माहेर जवळच आहे. तिथल्या तलावाचं पाणी दिवाळीनंतर निवळतं, आणि तिथंच आईनं मला पोहायला शिकवलं होतं. आम्ही तिघं तलावाच्या बांधाची पाळ उतरून काठाशी गेलो.

आधी मोठ्या कॅमेऱ्याची पेटी तपासायची होती. चाचांनी कॅमेरा बाहेर ठेवला, रिकाम्या पेटीत कोरडा कागद आणि बुडावी म्हणून एक दगड घातला, झाकण लावलं आणि पेटी पाण्याखाली धरली. वर काढली तर कागदाचा कोपरा ओला. चाचांचा चेहरा उतरला. त्यांनी झाकणाची रबरी रिंग काढून उन्हात धरली. रिंगेवर एक पांढरा केस चिकटला होता. तो त्यांच्याच दाढीचा होता. ते इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. रिंग पुसून पुन्हा पेटी बुडवली, तेव्हा कागद कोरडा निघाला.

मग मुखवटा लावून मी पाण्यात शिरले. मोठा कॅमेरा धरायला दोन्ही हात लागत. हात अडकले की माझे पाय वर येत, आणि नेम धरेपर्यंत मी कुशीवर कलंडे. बरेच फोटो चिखलाचे आले. एक मात्र अप्रतिम आला, कमळाच्या देठाशी थांबलेला बोटाएवढा मासा. तो पाहून मी पुन्हा मोहात पडले. छोटा कॅमेरा मनगटाला दोरीनं बांधून गेले तेव्हा पाय आपोआप खाली राहिले. फोटो साधेच आले, पण आजूबाजूचं पाणी मला दिसलं.

आईला काठावर बसवेना. तिनं लुगडं खोचलं आणि सरळ कमरेएवढ्या पाण्यात आली. "दे इकडं. मीबी पाह्यतो काढून."

छोट्या कॅमेऱ्याचं एकुलतं मोठं बटण मी तिला दाखवलं. तिनं नाक दाबलं, डोळे घट्ट मिटले आणि बुडी मारली. तिच्या फोटोत कमळाचे देठ खालून उजेडाकडे गेले होते, सागाच्या रानात आडवं पडून वर पाहावं तसे. चाचा पँट दुमडून गुडघाभर पाण्यात आले आणि तो फोटो बराच वेळ बघत राहिले.

मी त्यांना विचारलं, कोणता घेऊ.

"फोटो मोठ्याचाच चांगला येते," ते म्हणाले. "पण तो हातात असला की तू कॅमेराच सांभाळून राह्यली होती."

ऊन कलायला लागलं तसं एका गुराख्यानं पाळीवरून हाक दिली, की वाघ याच अंगानं पाण्यावर येतो. आम्ही ओल्या कपड्यांनीच निघालो. छोटा कॅमेरा मी पुन्हा मनगटाला बांधला होता, तो तिथंच राहिला.

त्या हिवाळ्यात मी पुन्हा मालवणला गेले. पहिल्या बुडीला सरांनी कॅमेरा नेऊ दिला नाही, दुसऱ्या बुडीला दिला. माझे निम्मे फोटो निळे आणि निम्म्यांत माशांच्या नुसत्या शेपट्या. त्याखेरीज एक चित्रफीत निघाली, चुकून झालेली. कॅमेरा बंद केला असं समजून मी तो सोडून दिला होता आणि तो मनगटाला लोंबकळत सगळं टिपत राहिला होता. वर जाणारे बुडबुडे, माझे पाय, होडीचं बूड, आणि मधेच उलटासुलटा दिसणारा पिवळ्या माशांचा अख्खा थवा.

घरी येऊन ती टीव्हीवर लावली. आईनं खुर्ची पुढं ओढली. मासे गेले तरी तिची नजर हलेना. ती कान देऊन ऐकत होती.

"हा आवाज कायचा होय?" तिनं विचारलं.

"माझ्या श्वासाचा."

तिनं ती पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्यांदा ऐकताना तिची मान त्या आवाजाबरोबर हलत होती. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "एवढी घाई काऊन करते? हळू घेत जा."