बिनकामाची मोटर

नांदेडला आमचं शेतीपंपांचं दुकान आहे. हे मोटारी दुरुस्त करतात. मी काउंटर सांभाळते आणि ह्यांनी उघडलेल्या वस्तूंचे स्क्रू गोळा करते. पन्नाशी ओलांडल्यावर ह्यांनी हैदराबादहून एक जुनी, मोठ्या इंजिनाची मोटारसायकल आणली. पहिल्याच फेरीत ती माझ्या माहेरी, रेणापूरला, टेम्पोत बसून पोचली. बॅटरी बसली होती, एवढंच. पण माझ्या धाकट्या भावाने टेम्पोसकट फोटो काढला आणि सगळ्या पाहुण्यांत फिरवला. तेव्हापासून ह्यांना एकच ध्यास लागला : रेणापूरला गाडी तिच्या स्वतःच्या चाकांवर न्यायची.

त्यात भावाने रविवारी जेवायला बोलावलं.

“दाजी, गाडीवरच येताय ना?” तो फोनवर म्हणाला. “का टेम्पोवाल्याला मीच सांगून ठेवू?”

“नवा सायलेन्सर बसवून राहिलोय,” हे म्हणाले. “आवाजावरूनच कळंल तुला, कोण आलंय ते.”

सायलेन्सर ह्यांनी दुकानासमोरच बसवला. जुन्या सायलेन्सरच्या नळीत एक झडप होती. सीटखालची छोटी मोटर दोन केबलींनी ती झडप उघडायची, मिटायची. नव्याला झडपच नव्हती. केबली निघाल्या आणि मोटर सीटखाली रिकामी राहिली. बिनकामाचं काही ह्यांना बघवत नाही, दुपारी झोपलेले ते स्वतः सोडून.

“ही पण काढतो. गाडी तेवढीच हलकी.”

“हलकीच करायची तर पोह्यांची दुसरी प्लेट सोडा,” मी म्हणाले.

पोहे राहिले, मोटर निघाली. गाडी सुरू केली तर मीटरमध्ये पिवळा दिवा लागला आणि काही केल्या विझेना. शिवाय गाडी जोर धरायला तयार नाही. आवाज वाघाचा आणि चाल गाभण म्हशीची.

आमच्या भागात अशा वेळी एकच उपाय करतात : डायरेक्ट करणे. स्टार्टर कटकट करतोय, डायरेक्ट करा. पंख्याचं बटण गेलं, डायरेक्ट करा. मधली वस्तू काढायची आणि वायरीला वायर पिळायची. हदगावकडचा एक शेतकरी दुकानात बसला होता, तोही म्हणाला, “डायरेक्ट करा की मालक. कशाला डोकं लावून राहिले?” तो स्वतः डायरेक्ट केल्यामुळे जळालेला पंप घेऊन आला होता, पण ती गोष्ट त्या दोघांच्याही ध्यानात आली नाही.

ह्यांनी मोटरीच्या प्लगमधल्या वायरी सोलल्या आणि एकमेकींना पिळल्या. चावी फिरवली. टिक करून फ्यूज उडाला. पिवळा दिवा विझला. त्याच्याबरोबर बाकीचेही सगळे दिवे विझले.

“आता हलकी झाली,” मी म्हणाले.

शनिवारची दुपार होती. हे स्टुलावर बसून गाडीकडे नुसते बघत राहिले. भावाचा फोन आला, तो उचलला नाही. तेव्हा मीच गल्ल्याच्या खालच्या खणातून फ्यूज काढला.

“नवा टाका. वायरी होत्या तशा जोडा आणि मोटर परत लावा.”

“तिला काही काम नाही गं.”

“लावा तर.”

लावली. चावी फिरवताच मोटरीचं चाक कुर्र करून एकदा इकडे, एकदा तिकडे फिरलं आणि थांबलं. पिवळा दिवा लागला नाही.

“बघा,” मी म्हणाले. “गाडी हिला एवढंच विचारते, फिरलीस का. केबल बांधलीय का, ते कुणी विचारतच नाही.”

“म्हणजे ही फुकटच फिरणार?”

“आपल्या सोसायटीचे चेअरमन काय करतात?”

मोटर जागेवर आहे असं गाडीला भासवणारा, तिच्या जागी लावायचा खोटा प्लग मिळतो, असं ह्यांनी मोबाईलवर शोधून काढलं. पण तो आठवड्याने येणार होता, आणि रविवार उद्यावर आला होता. मोटर राहिली.

सकाळी निघालो. आवाज कमी करणारी नळी मी सायलेन्सरमध्ये ठेवायलाच लावली होती, त्यामुळे बोलता येत होतं. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, तरी ह्यांचे डोळे मीटरवरच. मी दोनदा पाठीत बोट टोचून रस्ता दाखवला.

रेणापुरात भाऊ फाटकाशीच उभा होता. आम्हाला ओलांडून तो रस्त्यावर गेला आणि आम्ही आलो त्या दिशेला लांबवर बघून आला. मग म्हणाला, “आणा चावी, दाजी. एक चक्कर मारतो.”

चावी फिरवली तशी सीटखाली कुर्र झालं.

“हे काय वाजलं?”

ह्यांनी एकवार माझ्याकडे पाहिलं. “निघण्याआधी ती स्वतःची तपासणी करून घेते.”

“लईच भारी,” भाऊ म्हणाला आणि गेला.

आवाज वळणापर्यंत आला, मग येईनासा झाला. वहिनीने चहा आणला. हे फाटकातच उभे, मान रस्त्याकडे. गाडी परत दिसेपर्यंत ह्यांनी कपाला हात लावला नाही. मी माझा संपवला आणि निवायला नको म्हणून ह्यांचाही घेतला.