ना दगड, ना फूल

बागेत दोघी जावा कामाला. धाकटी तिकीट खिडकीवर, थोरली झाडांवर. थोरलीला सगळे माळीणबाई म्हणत, आणि तिच्याइतकी हट्टी बाई शोधून सापडायची नाही.

तळ्याकाठच्या म्हाताऱ्या झाडावर दगडफूल होतं, राखाडी, दाढीसारखं लोंबणारं. गाड्यांचा धूर वाढला तसं बाकी झाडांवरचं मेलं, हे तेवढं उरलं. माळीणबाई त्या झाडाजवळ औषधाचा फवारा फिरकू द्यायची नाही.

“दगडफूल म्हणे,” धाकटी चिडवायची. “ना दगड, ना फूल.”

मग त्याच झाडावर एक चिमुकलं पाखरू आलं. तेही नामशेष व्हायच्या वाटेवरचं. झालं, लगेच बातमी, कॅमेरे, खिडकीवर रांग. दगडफुलाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. आवडतीचा शेंबूड गोड म्हणतात, तो असा. पाखराला निदान ओरडता येतं, नाहीच पटलं तर उडून जाता येतं. याला बिचाऱ्याला साधं खोकताही येत नाही.

आणि घडलं भलतंच. पाखरू घरट्यासाठी तेच दगडफूल ओरबाडून न्यायला लागलं.

माळीणबाईनं काठी उचलली. धाकटी धावत आली.

“ताई, हाकललंत तर ते परत यायचं नाही.”

“आणि हे संपलं तर?”

माळीणबाई वर बघत राहिली, मग काठी टाकून तरातरा घरी गेली. जुनी उशी फाडून कापूस आणला, सुकं गवत आणलं, फांदीला बांधलं. पाखरानं थोडं ते घेतलं, थोडं दगडफूल नेलंच. झाडावर तळहाताएवढं उरलं.

पिल्लं उडाली, माणसं पांगली. माळीणबाईनं शिडी लावली, रिकामं घरटं उसवलं आणि त्यातला दगडफुलाचा एकेक तुकडा शेजारच्या झाडांच्या सालीत खोचत गेली. धाकटी शिडी धरून होती.

“धरेल?”

“धरेल कुठेतरी. वेळ लागतो याला.”

“तुम्ही तर यंदा निवृत्त होणार. तुम्हाला कुठलं दिसतंय?”

“तुला दिसेल की. शिडी नीट धर.”

माळीणबाई आता घरी असते. शेजारच्या झाडावर एका खाचेत दगडफुलानं जीव धरलाय, नखाएवढा. खिडकीवर कुणी विचारतं, “ते पाखराचं झाड कुठलं हो?”

“दगडफुलाचं ना?” धाकटी म्हणते. “तळ्याकाठी. आणि हात लावायचा नाही.”