चालता चालता सांग

ये गं करुणा, अशी जवळ बस. फोनवर बोलतानाही तू दूर बसल्यासारखीच बोलतेस. परवा म्हणालीस, "मावशी, सुट्टी नाही, पोरीची परीक्षा आहे, गाडीचं तिकीट मिळत नाही." तीन वर्षं झाली, परीक्षा काही संपत नाही तुझ्या पोरीची. आणि वर मलाच विचारतेस, तू एकटी उरल्याला, त्या कारखान्यांच्या वस्तीत जातेस, भीती नाही वाटत? वाटते की. पण मला बायबलबाई भेटल्या होत्या, तुला भेटल्या नाहीत. म्हणून हे लिहायला घेतलंय. शाळा माझी चौथीपर्यंतची, तेव्हा चुका काढू नकोस.

बायबलबाई म्हणजे आमच्या चर्चतर्फे घरोघर जाऊन बायांसोबत प्रार्थना करणारी बाई. खरं नाव कुणी घेत नसे, नुसतं 'बाई' म्हटलं की पुरे. ठेंगण्या, पांढरी सुती साडी, काखेत छत्री. त्यांची एक रीत होती. कुणाचीही सबब त्या बसून ऐकायच्या नाहीत. दारात उभं राहून म्हणायच्या, "आधी चपला घाल. काय सांगायचं ते चालता चालता सांग." माणूस चपला घाली, सांगू लागे, आणि सबब संपेपर्यंत जिथं जायचं तिथं पोचलेलं असे. चर्चच्या पाळकसाहेबांनाही त्यांनी असंच एकदा चालवत नेलं होतं, भांडण झालेल्या भावाच्या घरापर्यंत.

स्वतः मात्र कुत्र्याला भ्यायच्या. गल्लीच्या तोंडाशी कुत्रं दिसलं की छत्री पुढं धरून त्याला समजावत बसायच्या, "बाबा, मी तुझ्याकडे नाही आली, त्या पलीकडच्या घरी आली. तू तुझं काम कर." पिशवीत शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, शेजारी कुत्र्यांसाठी बिस्किटाचा पुडा कायम. मी हसले तर म्हणायच्या, "बायबलातला तो शिष्य प्रभूकडे जायले नावेतून पाण्यावर उतरला अन् मग भ्याला, बुडू लागला. नावेत बसूनच भ्याला असता, तर प्रभूनं हात कोणाले दिला असता? मी भेते, पण गल्लीत येऊन भेते."

आता माझं ऐक. तुझे काका उरल्याच्या कारखान्यात काम करता करता गेले, ते तुला ठाऊक आहे. त्यानंतर अकरा वर्षं मी उरल्याचं नाव घेतलं नाही. त्या बाजूचा ऑटो दिसला तरी मान फिरवायची. एक दिवस सकाळी बाई इथं रायपुरात, बूढापाऱ्याला माझ्या दारात. म्हणाल्या, "शांते, उरल्याले आपल्या मंडळीतली सरिता आहे. तिचा नवरा गेला, कारखान्यातच. पंधरा दिवस झाले, बोलून नाही राहिली. जेवण समोर ठेवलं तर पाहते नुसती. चल."

मी म्हटलं, "बाई, माझा गुडघा..."

"चपला घाल."

दाराबाहेर माझ्या अन् त्यांच्या चपला शेजारी शेजारी होत्या. मी रडवेल्या डोळ्यांनी पाय सरकवले आणि निघाले. बूढा तलाव येईपर्यंत गुडघा सांगून झाला. चौकापर्यंत गॅसवाला येणार होता ते सांगितलं. ऑटोत बसल्यावर म्हटलं, "मला चारचौघांत प्रार्थना करता येत नाही, चर्चमध्ये डोळे मिटले की शब्द पळून जातात." बाई प्रत्येक गोष्टीला "हव, हव" म्हणत होत्या. माझा डावा पाय दुखत होता. मला वाटलं, भीतीनं सुजला.

रस्त्यावर ट्रक वाढले, कारखान्यांची ती लालसर धूळ दिसू लागली, तसा माझ्याजवळचा सबबींचा साठा संपला. ऑटोतून उतरून चालताना मी म्हटलं, "बाई, हे याच रस्त्यानं डबा घेऊन गेले होते. मला नका नेऊ पुढं."

बाई थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "माहीत आहे मले. म्हणून तर तुले आणलं. मी दोनदा जाऊन आली तिच्याकडे. शास्त्र वाचलं, प्रार्थना केली, ती भिंतीकडे पाहून राहिली. मले काय माहीत तिचं? माझा नवरा तर म्हातारा होऊन गेला, पोरं-नातवंडं उशाशी. तुले माहीत आहे."

आणि गल्लीच्या तोंडाशी त्या उभ्याच राहिल्या. सरिताच्या दाराजवळ एक पिवळं कुत्रं आडवं पसरलं होतं. "तू पुढं हो," बाई छत्रीमागून म्हणाल्या, "मी येतेच तुझ्यामागून." ते कुत्रं गाढ झोपलं होतं गं. पण बाई काही हलेनात. तेव्हा मीच पुढं झाले. अकरा वर्षं जिथं जायचं टाळलं, तिथं माझं पहिलं पाऊल एका झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून पडलं.

सरिता उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली होती. तिशीचीही नसेल. मी दारात चपला काढू लागले. प्रार्थनेतला एक शब्द आठवेना. ती माझ्या पायांकडे बघत राहिली, बघत राहिली, आणि हळूच म्हणाली, "दीदी, आपकी चप्पलें तो अलग-अलग हैं."

मी खाली पाहिलं. उजवी माझी निळी, डावी बाईंची तपकिरी. मागून बाई आल्या, त्यांच्या पायातही तोच कारभार, उलटा. मोतीबिंदूमुळे त्यांना दिसलं नव्हतं. वाकून दोन्ही चपला हातानं चाचपल्या आणि म्हणाल्या, "तरीच म्हटलं, माझा एक पाय आज इतका ऐसपैस काहून आहे." सरिताचं तोंड हसल्यासारखं वाकडं झालं आणि त्या हसण्यातूनच तिला रडू फुटलं. पंधरा दिवसांचं रडू. तिनं डोकं माझ्या मांडीवर टाकलं. मी डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत. तिच्या केसांवर हात ठेवून म्हटलं, "प्रभू, मीही अशीच बसले होते. माझ्याजवळ बसलास तसा हिच्याजवळ बस." एवढंच. बाई इतक्या जोरात "आमेन" म्हणाल्या, की ते कुत्रं उठून निघून गेलं.

तेव्हापासून दर गुरुवारी मी उरल्याला जाते. आता सरिताही बरोबर असते, दुसऱ्या घरी जाताना. तिचीही सबब असते कधी कधी. मी ऐकते, चालता चालता.

गेल्या हिवाळ्यात बाई अंथरुणाला खिळल्या. एक दिवस दुपारी मी पेज घेऊन गेले, तर माझा हात धरून म्हणाल्या, "शांते, कोणाले सांगू नको. मले भीती वाटून राहिली." जन्मभर दुसऱ्यांना हाताला धरून नेलेली बाई. मी दाराबाहेर गेले, त्यांच्या तपकिरी चपला आणल्या, पदरानं पुसल्या आणि खाटेखाली पायांशी नीट मांडून ठेवल्या. म्हटलं, "बाई, चालता चालता सांगा."

त्या हसल्या. दात नव्हते, पण पुष्कळ हसल्या. मग ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत सांगत राहिल्या. दुखेल का, तिकडे आपले लोक ओळखतील का, मागं राहिलेल्या घरांकडे कोण जाईल. मी "हव, हव" म्हणत होते. शेवटी विचारलं, "शांते, तिकडे कुत्री नसतील ना गं?"

मी म्हटलं, "असली तरी बांधलेली असतील. आणि दारात प्रभू स्वतः उभा असेल, तुम्ही त्याच्यामागून जा."

"हव," म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या.

तर करुणा, आता तुझं. परीक्षा, सुट्टी, तिकीट, सगळं खरं असेल, मी कुठं खोटं म्हणते? पण ते फोनवर नको सांगूस. पोरीला घेऊन गाडीत बस. मी रायपूर स्टेशनवर येईन. तिथून घर तसं लांब आहे, पण आपण ऑटो करायचा नाही. तुझ्या सगळ्या सबबी मला ऐकायच्या आहेत.