बोटांपर्यंतची बाही

माझ्या दुकानातलं रोजचं काम म्हणजे रेडिमेड पॅन्ट आखूड करणं. आमच्या नालवाडीत सगळ्याच पॅन्ट माणसांपेक्षा लांब येतात आणि त्यावरच माझं घर चालतं. पण कुणी विचारलं तर मी तसं सांगत नाही. मी सांगतो, जुन्या काळच्या पुरुषी कपड्यांचे ड्राफ्ट काढतो. म्हणजे बाराबंदी, अंगरखा, बंद गळ्याचा लांब कोट हे कसे कापत असतील ते खाकी कागदावर आखतो. शाळेच्या गॅदरिंगला किंवा एखाद्या हौशी नवरदेवाला त्याचा उपयोग होतो. बाकी वर्षभर त्या गुंडाळ्या माळ्यावर पडून असतात. बायको त्यांना ‘तुमच्या कुंडल्या’ म्हणते.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडी समुद्रपूरहून एक काकाजी आले. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. एका हातात पिशवी, तिच्यात काळं लोकरी कापड, आणि बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो. फोटोत त्यांचे वडील खुर्चीवर ताठ बसलेले. धोतर, पाय अनवाणी आणि अंगात काळा लांब कोट. बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी बाहेर आलेली, आणि खांद्याची शिवण पार दंडावर उतरलेली.

“नातीचं लगन आहे मे महिन्यात,” काकाजी म्हणाले. “बाबाचा हा एकच फोटो आहे. मांडवात याच्यापाशी असाच कोट घालून उभं राह्याचं आहे मले.”

मी त्यांची मापं घेतली. म्हणजे टेप त्यांच्या अंगावर फिरवली, आकडे वहीत लिहिले, पण डोळे सगळा वेळ फोटोवर होते. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो अस्सल जुना नमुना चालत दुकानात आला होता. वहीचं ते पान मी पुन्हा उघडलंच नाही.

पुढचे आठ दिवस मी भिंग घेऊन बसलो. फोटोतल्या चेहऱ्याची लांबी हा एक भाग धरला आणि त्यावरून बाही किती भाग, पाठ किती, बगलेचा मुंढा किती खोल, सगळं मोजून काढलं. मग सिद्धांत मांडला. त्या काळी आपल्याकडचे पुरुष उन्हापासून हात झाकत, म्हणून बाही बोटांपर्यंत. आणि आत वारा खेळावा म्हणून खांदा उतरता. वारा खेळवायला माणूस लोकरी कोट कशाला घालेल, हा प्रश्न मला पडला नाही. अनवाणी पायांनाही उन्हाचं काही वाटत नव्हतं का, हाही पडला नाही.

टेलर लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी तो ड्राफ्ट टाकला : ‘जुना वऱ्हाडी कोट, खरी बाही.’ एकानं लिहिलं, ‘अभ्यास दांडगा.’ ते मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

ती दुकानात काजं करते. कापलेली बाही हातात धरून तिनं विचारलं, “अन् जेवाच्या वक्ती हात कुठून काढतीन काकाजी?”

“तुले ड्राफ्टिंगमधलं काई समजत नाई,” मी म्हणालो. हे वाक्य पुढे बरेच दिवस मला घरात परत मिळत राहिलं.

कच्च्या टाक्यावर ट्रायल होती. काकाजींनी कोट चढवला, आरशासमोर उभे राहिले आणि त्यांचे हात गायब झाले. ते आरशातल्या बाह्यांकडे बघत राहिले. मला वाटलं, गहिवरले. म्हणून मी ऊन, वारा, उतरता खांदा सगळं समजावून सांगितलं. कंडक्टरकी केलेला माणूस, कुणाचंही शेवटपर्यंत ऐकून घेतो.

मग ते म्हणाले, “मास्टर, हा कोट बाबाचा नव्हताच. फोटोवाल्याचा होता.”

मी हातातला खडू खाली ठेवला.

“बाबा बाजाराले गेलते वर्ध्याले. फोटो काढाले बसले. फोटोवाल्यापाशी खुंटीवर एकच कोट, जो येईन त्याले तोच. मांगून पिना लावून देल्या. फोटो झाला का लगेच काढून घेतला, पुढचा मानूस उभाच होता. बाबा म्हनत, आपल्या मापाचा एक शिवू. नाई झालं ते त्याईच्यानं.”

“मंग मले काऊन नाई सांगितलं, काकाजी?”

“तुमी माप घेतलं ना. मले वाटलं, मापाचा शिवून राह्यले.”

टेप माझ्या गळ्यातच होती. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. एका गरीब माणसाला न बसलेला कोट मी भिंगातून मोजून, भाग पाडून, त्याच्या मुलाच्या अंगावर पुन्हा न बसणारा करून ठेवला होता. बायको हसली असती तर बरं झालं असतं. तिनं टाके उसवायला घेतले.

एक बरं, मोठं कापलेलं लहान करता येतं. वहीतलं ते पान शेवटी उघडलं. खांदा वर घेतला, पाठ आत घेतली, बाही मनगटावर आणली. एकूण काम पॅन्ट आखूड करण्याचंच होतं आणि तेच मला येतं. ग्रुपवर मात्र मी अजून काही कळवलेलं नाही. यवतमाळकडच्या एका टेलरनं ती ‘खरी बाही’ एका नवरदेवाला शिवूनही दिली म्हणे. देव त्याच्या जेवणाचं बघो.

आठवड्यानं काकाजी कोट न्यायला आले. घालून पाहिला. दोन्ही हात पुढे करून मनगटं बघितली, मुठी वळल्या, उघडल्या. बाहेर दुपारचं ऊन रणरणत होतं. मी म्हणालो, “काढा काकाजी, घडी करून पिशवीत देतो. एसटीत उकडून जान तुमी.”

त्यांनी गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावली.

“बाबाले काढून द्या लागला होता, मास्टर,” ते म्हणाले. “मले नाई द्या लागत.”