वरातीच्या घोडीचं मागचं पाऊल

आमची घोडी लंगडी नव्हती. हे मी तेव्हाही घसा फोडून सांगत होते, आजही सांगते. तिच्या मागच्या उजव्या पायाच्या गुडघ्याची वाटी अडकायची, एवढंच. पण लोकांना 'लंगडी' म्हणायला काय जातं?

संपानंतर ह्यांची गिरणी उघडलीच नाही. तेव्हा गावची हिस्स्याची जागा भावाला विकून ह्यांनी पांढरी घोडी आणली. बोरीवली पूर्वेला पार्काच्या कुंपणापाशी आमची खोली होती, तिला टेकूनच पत्र्याचा तबेला उभा केला. लग्नाच्या वराती करायचो. लगाम मात्र मी धरायचे, कारण गिरणीतल्या साच्यांच्या खडखडाटात ह्यांचे कान गेलेले, बँडवाला 'थांबा' म्हणाला काय नि 'चला' म्हणाला काय, ह्यांना सारखंच. बाई घोडी घेऊन चालते म्हणून लोक टकामका बघायचे. बघू देत, मी कुणाच्या घरी जेवायला जात नव्हते.

एका पावसाळ्यात घोडीला पोटशूळ झाला. जगली, पण पार हडकली. मग एके सकाळी बाहेर काढायला गेले तर तिचा मागचा पाय तसाच मागे ताठ राहिलेला. वासा ठोकावा तसा. खुराचं टोक जमिनीवर घासत ती बिचारी पुढे ओढत होती. चार पावलांवर 'कट्' असा आवाज झाला, पाय सुटला आणि बाईसाहेब काही झालंच नाही अशा चालायला लागल्या.

ह्यांनी गिरणीतलं डोकं चालवलं. साचा तापला की बंद ठेवायचा आणि तेल द्यायचं, हा आयुष्यभराचा धडा. घोडीला खुंटीला बांधून घातली आणि रोज गरम तिळेल चोळायला लागले. मी बाहेर काढते म्हटलं की, "तिका उभी रवांदे गो, दमली हा ती." इतक्या मायेने चोळायचे की मला हेवा वाटावा, माझ्या गुडघ्याला कधी थेंबभर तेल लागलं नाही. पण जितकी विश्रांती, तितका पाय जास्त अडकायला लागला. गणपती जाईपर्यंत तर सकाळी उठली की अडकलेलाच.

ह्याच सुमारास मानखुर्दचा एक विटांचा गाडीवाला घोडी विकत मागायला तबेल्यात डोकावून गेला. विटांच्या गाडीला जुंपलेली जनावरं मी बघितली होती, त्यांच्या पाठीवरची गळवंही. ह्यांनी त्याला शब्द दिला, तुळशीचं लग्न झाल्यावर पहिली वरात बघू, तिथे पाय अडकला तर घोडी घेऊन जा. मला न विचारता. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही, आणि ते ह्यांच्या उशिराच लक्षात आलं.

मग मी स्वतःच जाऊन गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी वाटीवर हात ठेवला, घोडीला चालवून बघितली आणि म्हणाले, "घोडा उभ्या उभ्या झोपतो, कारण तो ही वाटी खुंटीवर टांगल्यासारखी अडकवून ठेवतो. हिची अडकते, पण सुटत नाही. आजारपणात मांडी गळली, वाटीला ओढून धरणारं मांसच उरलं नाही. आणि तुम्ही हिला बांधून ठेवलीत?"

ह्यांना ऐकू आलं नाही, पण समजलं. मान खाली गेली.

डॉक्टरांनी सांगितलं ते साधंच होतं. खाऊ घाला, खूर नीट कापून घ्या, रोज चालवा. सरळ चालवा, गोल फिरवू नका, आणि चढावर चालवा. पाय अडकला तर ओढू नका, छातीवर हात ठेवून दोन पावलं मागे घ्या, वाटी आपोआप सुटेल. ह्याने भागलं नाही तर मग ऑपरेशनचं बघू.

"वरातीतली घोडी मागे?" मी कानाशी ओरडून सांगितल्यावर हे एकदम बोलले. नवरदेव पाठीवर असताना घोडीने मागे पाऊल टाकलं की अपशकुन, हे आमच्या धंद्यात कुणीही सांगेल. डॉक्टर म्हणाले, "ते तुमचं तुम्ही बघा."

बघितलं. पार्काच्या कुंपणालगत जो चढ आहे तो रोज सकाळी मी आणि घोडी चढायचो. पहिल्या आठवड्यात मलाच धाप लागायची. हळूहळू तिच्या मांड्या भरायला लागल्या, पाय अडकायचा कमी झाला, आणि दिवाळीत तर ती मलाच ओढत वर न्यायला लागली. हे लांबून बघायचे.

पहिली वरात आली. नवरदेवाला आधी मारुतीच्या दर्शनाला न्यायचं होतं. तो पाया पडून परत घोडीवर बसला, पण देवळासमोर पोरं नाचायला लागली ती हटेनात. घोडी देवाकडे तोंड करून बराच वेळ जागच्या जागी उभी. शेवटी मी लगाम ओढला आणि कळलं, वाट लागली. पाय मागे ताठ.

मी तिच्या छातीवर हात ठेवला. "मागं हो बाय." एक पाऊल. नवरदेवाचा मामा धावत आला, "अहो बाई, घोडी मागे घेता? शुभकार्य आहे."

मी म्हटलं, "मारुतीरायाला पाठ दाखवून निघायची सवय नाही माझ्या घोडीला. तुम्ही देवासमोरून कसे निघता?"

मामाने देवळाकडे बघितलं. दुसरं पाऊल. 'कट्.' नवरदेवाच्या आजीने तर घोडीलाच हात जोडले, आणि मग मामाही, नाचणारी पोरंही, देवाकडे तोंड करून दोन पावलं मागे सरली. मी हसू दाबायला पदर तोंडात कोंबला. तिथून हॉलपर्यंत ती राणीसारखी चालली, एकदाही अडकली नाही.

पण ह्यांनी तो पाय बघितला होता. मी रात्रभर कुशीवर कुशी बदलल्या.

सकाळी गाडीवाला दोर घेऊनच हजर. "अडकला काय पाय?" त्याने ह्यांच्या कानाशी ओरडून विचारलं.

"अडकलो पाय," हे म्हणाले. "आणि सुटलो."

"म्हणजे लंगडी ती लंगडीच."

ह्यांनी खुंटीवरचा लगाम काढून माझ्या हातात दिला आणि चढाकडे बोट केलं. "चल तिच्या वांगडा, बरोबरीन. वर पोचलंस तिच्या आधी, तर ने."

तो हसला आणि निघाला. अर्ध्या चढावर दोर बाजूला टाकून दगडावर बसला, छातीवर हात धरून. मी आणि घोडी त्याच्या शेजारून पुढे गेलो.