काचेवरचे बाबा

पार्सलची टेप फाडल्याचा आवाज आला की मला फुलचूरच्या घरातली ती दुपार आठवते. तेरवीसाठी काचेवर छापून ऑनलाइन मागवलेला बाबांचा फोटो कोपऱ्यात तडकून आला होता. मी तक्रार केली, तर कंपनीची बाई फोनवर म्हणाली, “नया भेज देंगे, पहले पुराना तोड़कर वीडियो भेजिए.” अंगणात मी काचेवर हातोडी मारली, तशी झेंडू ओवत बसलेली आई ओरडली, “कायले फोडून राहिला रे बापाले?” तो व्हिडिओ त्यांनी नाकारला, “चेहरा तो साबुत दिख रहा है.” मग चेहऱ्यावरही मारली. नवा फोटो तेरवीच्या आत आला. आजही श्राद्धाला मी आईपुढे हार धरतो, तेव्हा ती म्हणते, “तूच घाल. माजा त तू फोडला.”