पाठमोरी आई

माझी आई एका जागी स्वस्थ बसलेली मी कधी पाहिली नव्हती. शाळेत असल्यापासून मी तिचं चित्र काढायचा प्रयत्न करत आले. दरवेळी कान आणि अंबाडा होतो न होतो तोच कुकरची शिट्टी व्हायची. "आलेच," म्हणून उठलेली आई पुन्हा तशी बसायची नाही. माझ्या जुन्या वह्यांमध्ये तिचे कान भरपूर आहेत. पूर्ण आई एकही नाही.

गेल्या वर्षी ती नागपूरहून इकडे कन्नड मुलखात, आमच्या जे. पी. नगरच्या घरी राहायला आली, तेव्हा मी रंगांवर रुसून बसले होते. आम्हा मैत्रिणींचं प्रदर्शन तोंडावर आलेलं, बाकीच्यांची चित्रं फ्रेम होऊन तयार आणि माझा कागद कोरा. फुलं काढली, तलाव काढला, सगळंच कॅलेंडरवरचं वाटायला लागलं. नवरा तर माझ्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता. आई मात्र माझ्या स्टुडिओत, म्हणजे बाल्कनीत, खुशाल कपडे वाळत घालायची. शेवटी एका दुपारी तिला घेऊन मी कलासंग्रहालयात गेले. थोरामोठ्यांची चित्रं पाहून काही सुचलं तर सुचलं, नाहीतर आईचं फिरणं तरी होईल.

आईने पहिली दोन दालनं घर भाड्याने बघायला आल्यासारखी पाहिली. तिसऱ्यात विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांचं एक भलंमोठं तैलचित्र होतं. "एवढ्या भरजरी साडीत पाणी कोण भरतं?" असं म्हणून तिने गुडघा चोळला आणि ती समोरच्या बाकावर बसली.

मी पुढे जाऊन, भिंतीवरच्या सगळ्या थोरांना वळसा घालून परत आले, तरी ती तिथेच. ताठ, मान किंचित वर, अंबाड्यात खोचलेला अबोलीचा गजरा एका बाजूला घसरलेला, ब्लाउजच्या पाठीला घरीच मारलेली टीप. आजूबाजूला इतकी चित्रं लागली होती आणि मला फक्त ही पाठ दिसत होती. माझ्या हाताला कितीतरी दिवसांनी खाज सुटली.

मी वही काढली, पेन उघडलं, तेवढ्यात दालनातला गार्ड आला. "पेन बेडा, मॅडम. पेन्सिल ओके." पेन नको, तर आता पेन्सिल कुठून आणू? मग आठवलं, आईच्या पिशवीत असते, शब्दकोडं सोडवायची. पिशवी तिच्याशेजारीच बाकावर होती. मी मागून हळूच हात घातला, पेन्सिल ओढली. आई हलली नाही. चित्रात पार बुडाली आहे, मला वाटलं.

मग मी काढत सुटले. कान झाला, अंबाडा झाला, आणि कुठेही शिट्टी झाली नाही. मान झाली, खांदे झाले. दर रेघेला धाकधूक, आता उठते की काय. कंबरेशी आले तेव्हा गार्ड पुन्हा आला, बंद व्हायची वेळ झाली म्हणाला. संपलंच, असं मी मनात म्हटलं.

आईने मान न वळवता फक्त तळहात वर केला. इथे येऊन ती दोनच कन्नड शब्द शिकली होती, त्यातला एक तिने वापरला. "स्वल्प," ती म्हणाली, म्हणजे थोडं थांब.

"सरी, अम्मा," म्हणत गार्ड शेजारच्या दालनात गेला, आणि मी बाक आणि तिचे पाय पूर्ण केले.

बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर मी विचारलं, इतका वेळ त्या चित्रात काय पाहत होतीस?

"त्यात काय आहे इतका वेळ पाहण्यासारखं?" आई म्हणाली. "तू पिशवीत हात घातला ना, तेव्हापासून नाक खाजून राहिलं होतं माझं."

आणि वाटेतलं बनशंकरी येईपर्यंत ती मनसोक्त नाक खाजवत बसली.